वाचकांचे प्रश्न : वर्गातला छळ आणि भोवती उभे असलेले बाकीचे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे शाळेत मुलांनीच मुलांना दिलेल्या त्रासाविषयी होती. त्यांतली पाच येथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची नावे आणि शाळांची नावे अर्थातच गाळली आहेत. मुले ओळखू येतील असे तपशीलही थोडे बदलले आहेत. ही पत्रे एकत्र वाचताना एक गोष्ट लक्षात आली. त्रास देणारा आणि त्रास सोसणारा यांच्याविषयी सगळ्यांनीच भरभरून लिहिले आहे, पण त्या वेळी भोवती उभ्या असलेल्या इतर मुलांची आठवण फक्त एका पत्रात आहे आणि ते पत्र एका विद्यार्थ्याचे आहे. ते मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. बोलताना ती मधूनच अडखळते. वर्गातल्या चार-पाच मुलींनी तिचे नाव ‘बफरिंग’ ठेवले आहे. आता ती वर्गात हात वर करीत नाही आणि शाळेत जायच्या वेळी रोज तिचे पोट दुखते. वर्गशिक्षिकेला सांगितले तर “मुली थट्टा करतात हो, फार मनावर घेऊ नका,” असे उत्तर मिळाले. तिच्या बाबांचे म्हणणे असे की तिने उलटून बोलायला शिकले पाहिजे. ही थट्टा आहे की छळ, हे कसे ओळखावे?

उत्तर : या विषयाचा शास्त्रीय अभ्यास ज्यांच्यापासून सुरू झाला असे मानले जाते, त्या डॅन ओल्व्हेयस या मानसशास्त्रज्ञांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या होत्या आणि त्या आजही जगभर वापरल्या जातात. त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो आणि दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते. हे बळ अंगातलेच असते असे नाही; संख्येचे, वर्गातल्या वजनाचे किंवा एखाद्याची दुखरी जागा ठाऊक असण्याचेही असते. तुमच्या मुलीच्या बाबतीत तिन्ही खुणा स्पष्ट दिसतात. मी स्वतः याहून साधी कसोटी वापरते. थट्टेत पाळी बदलते, म्हणजे आज तू माझी उडवलीस तर उद्या मी तुझी उडवते आणि समोरच्याचा चेहरा उतरलेला दिसला की थट्टा करणारी थांबते. छळात पाळी कधीच बदलत नाही, आणि चेहरा उतरला की खेळाला उलट रंग चढतो.

‘मनावर घेऊ नका’ हा सल्ला जुना आहे आणि तो किती महाग पडू शकतो हे जगाने पाहिले आहे. 1982 च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत दहा ते चौदा वर्षे वयाच्या तीन मुलांनी जीव दिला. सोबत्यांनी केलेला तीव्र छळ हे त्यामागचे कारण असावे असे मानले गेले आणि पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारला देशभरातल्या शाळांसाठी मोहीम हाती घ्यावी लागली. बर्गेन शहरातल्या 42 शाळांमध्ये ओल्व्हेयस यांनी या कामाचा माग ठेवला, तेव्हा छळाचे प्रमाण ठळकपणे खाली आल्याचे दिसले. ही गोष्ट तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. मोठ्या माणसांनी मनावर घेतले तर फरक पडतो, एवढ्यासाठीच सांगते.

तिच्या बाबांचा सल्ला मायेपोटी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण जी मुलगी घाईत बोलताना अडखळते, तिच्याकडून झटपट आणि बोचऱ्या उत्तराची अपेक्षा ठेवणे म्हणजे जिथे तिला दुखते तिथेच तिला लढायला पाठवणे होय. त्यात ती हरली की, दोष आपलाच होता, असे तिला वाटू लागते. शिवाय वर्गात नेहमी दुसरा फटका दिसतो, पहिला दिसत नाही. उलटून बोलणारी मुलगी पकडली जाते आणि सुरुवात करणाऱ्या शहाजोगपणे बाजूला होतात.

घरी तिच्याशी बोलताना उलटतपासणी नको. ‘तू काही केले होतेस का?’ हा प्रश्न तर अजिबात नको. काम करता करता, शेजारी बसून, ‘आज तुला त्या नावाने कोणी हाक मारली का आणि तेव्हा तुझ्याजवळ कोण होते?’ एवढेच विचारावे. तिला न सांगता काहीही करणार नाही, असा शब्द द्यावा आणि तो पाळावा. एक लहान वही करून तीत तारीख, तास, जागा, नेमके शब्द आणि हजर असलेल्या मुलींची नावे लिहून ठेवावीत. ‘सारखे चिडवतात’ या तक्रारीकडे शिक्षिकेला काणाडोळा करता येतो, पण ‘मंगळवारी तिसऱ्या तासाला, उतारा वाचताना ती “प” वर थांबली, तेव्हा मागच्या बाकावरून तोंडाने गाडी बंद पडल्याचा आवाज आला,’ याकडे करता येत नाही. ही वही घेऊन पुन्हा भेटा. दोन आठवड्यांनी पुन्हा भेटायची तारीख त्याच भेटीत ठरवून घ्या, आणि तरीही टाळाटाळ झाली तर मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या. त्या मुलींच्या आयांना परस्पर फोन मात्र करू नका. अशा फोनमधून आयांची भांडणे उभी राहतात आणि मुली अधिक सावध होतात. पोटदुखी आठवडाभरात थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवाच. ती खोटी नसते.

प्रश्न : मी सहावीचा वर्गशिक्षक आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा दुसऱ्याला येता-जाता टपल्या मारतो, त्याच्या वस्तू लपवतो. मी दोघांना वर्गासमोर उभे केले, एकमेकांची माफी मागायला लावली आणि हात मिळवायला सांगितले. त्यानंतर माझ्यासमोर काही घडत नाही, पण त्रास वाढला आहे असे त्या मुलाचे पालक सांगतात. माझे काय चुकले?

उत्तर : तुमचे जे चुकले तेच पूर्वी माझेही चुकले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही अशाच दोन मुलांचे हात वर्गासमोर मिळवले होते. थोराड मुलगा माझ्याकडे पाहून गोड हसला, किरकोळ अंगाचा मान खाली घालून उभा राहिला, वर्गाने टाळ्या वाजवल्या आणि मी समाधानाने फळ्याकडे वळले. त्या हस्तांदोलनात आपली बोटे पांढरी पडेपर्यंत दाबली जात होती, हे त्या लहानग्याने मला वर्ष संपताना सांगितले. मी फक्त हसू पाहिले होते.

भांडण आणि छळ यांत आपण गल्लत करतो. भांडणात दोघांची बाजू असते, दोघांचे थोडेफार चुकलेले असते, म्हणून तिथे समेट शोभतो. छळात एकाची बाजू असते आणि दुसऱ्याची सुटका व्हायची असते. टपल्या खाणाऱ्या मुलाने माफी नेमकी कशाची मागितली, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. त्याशिवाय आपण हा सगळा प्रसंग वर्गासमोर घडवतो, म्हणजे त्रास देणाऱ्याला जो प्रेक्षकवर्ग हवा असतो तो आपणच जमवून देतो.

फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने तयार केलेला ‘किवा’ नावाचा कार्यक्रम आहे. ‘छळाविरुद्ध’ या अर्थाच्या फिनिश शब्दांवरून हे नाव बनले आहे आणि त्या भाषेत ‘किवा’ म्हणजे ‘छान’ असाही अर्थ होतो. तो 2009 पासून त्या देशातल्या बहुतेक शाळांमध्ये पोहोचला. त्यातली एकेक प्रकरण हाताळण्याची पद्धत तुम्हाला उद्यापासून वापरता येईल. आधी त्रास सोसणाऱ्या मुलाशी एकट्याशी बोलावे. मग त्रास देणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे, पण लागोपाठ बोलवावे, म्हणजे जिन्यात थांबून एकच कहाणी रचायला त्यांना वेळ मिळत नाही. पुराव्याचा वाद घालत बसू नये. ‘तो वर्गात सुखाने बसत नाही हे मला ठाऊक आहे, तू उद्यापासून काय वेगळे करशील?’ असे विचारून मिळालेले उत्तर त्याच्यादेखत लिहून घ्यावे. आठवडा-दोन आठवड्यांनी सगळ्यांना पुन्हा बोलवावे. हा शेवटचा भाग बहुतेक शिक्षक गाळतात, आणि माझ्या अनुभवाने सगळे यश तिथेच असते, कारण बाई किंवा सर विसरलेले नाहीत हे मुलांना त्या दुसऱ्या भेटीत कळते. याच्या जोडीला, वर्गात ज्यांचा शब्द चालतो अशा दोन-तीन मुलांना बाजूला घेऊन, त्या एकट्या पडलेल्या मुलाच्या जवळपास राहायला सांगावे.

‘माझ्यासमोर काही घडत नाही’ यावर फार विसंबू नका. डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग या कॅनडातल्या संशोधकांनी टोरांटोच्या शाळांमध्ये मुलांच्या अंगावर बिनतारी मायक्रोफोन लावून आणि दुरून चित्रण करून मैदानावरचे प्रसंग टिपले, तेव्हा मोठी माणसे मध्ये पडल्याचे शंभरात जेमतेम चार प्रसंगांत दिसले. शिक्षक निष्काळजी होते असा याचा अर्थ नाही. असे प्रसंग पटकन उरकतात आणि पाठीमागे घडतात. शाळेचा साधा नकाशा काढून मुलांना वाटा, जिथे जायला नको वाटते तिथे नाव न लिहिता फुली मारायला सांगा आणि सगळे नकाशे एकावर एक ठेवून पाहा. फुल्या बहुधा स्वच्छतागृहाबाहेर, जिन्याच्या वळणावर आणि शाळा सुटताना गेटाजवळ दाटतात. देखरेखीचे वेळापत्रक त्या फुल्यांवरून ठरवा.

प्रश्न : नववीतल्या माझ्या मुलाने मोबाइलवर मित्रांचा एक ग्रुप काढला आणि त्यात एका वर्गमित्राच्या फोटोंचे स्टिकर बनवून पसरवले. शाळेने मला बोलावून घेतले. मला मान वर करता आली नाही. त्याला चांगला चोपावा आणि मोबाइल कायमचा काढून घ्यावा, असे वाटते.

उत्तर : ‘माझा मुलगा असे करणारच नाही’ हे वाक्य तुम्ही म्हटले नाही, यातच अर्धे काम झाले. चोप देऊ नका. ज्याच्या अंगात बळ जास्त तो दुसऱ्याला गप्प करू शकतो, हेच तो शाळेत अमलात आणतो आहे. घरी त्याची उजळणी नको. मोबाइल काही दिवस काढून घेणे ठीक आहे, पण मुदत सांगून. त्याआधी त्याच्यासोबत बसून तो ग्रुप उघडा, मजकुराची एक प्रत शाळेसाठी ठेवा, मग सगळे त्याच्याच हाताने पुसायला लावा आणि ज्या ज्या ठिकाणी ते पुढे गेले असेल तिथे ‘हे मी केले होते, पुढे पाठवू नका’ असे त्याला लिहू द्या. ‘का केलेस?’ असे विचारले तर ‘सहज’ एवढेच उत्तर मिळेल. ‘पहिले स्टिकर टाकल्यावर कोणाकोणाचे हसणारे चेहरे आले, आणि ते पाहून दुसरे टाकावेसे वाटले का?’ असे विचारा. त्या मुलाच्या घरी माफीसाठी लगेच जाऊ नका. तो मुलगा तयार आहे का, हे आधी शाळेमार्फत विचारा. आणि जेवताना आपण घरातले लोक कोणाच्या दिसण्यावरून, बोलण्यावरून विनोद करतो, याकडे काही दिवस कान देऊन पाहा.

प्रश्न : आमच्या शाळेत आम्ही ‘दयाळूपणा सप्ताह’ घेणार आहोत. भित्तिपत्रके, घोषवाक्य स्पर्धा, सामूहिक प्रतिज्ञा आणि छळ करणाऱ्याला थेट निलंबित करण्याचा कडक नियम, असे नियोजन आहे. मुख्याध्यापिका या नात्याने आपले मत हवे आहे.

उत्तर : स्पष्ट लिहिते, राग मानू नये. भित्तिपत्रक सुंदर काढणारी मुलगी आणि वर्गात दुसरीला वाळीत टाकणारी मुलगी एकच असू शकते, आणि तिला त्यात विसंगती वाटतही नाही. सप्ताह घ्या, पण त्याच्यावर भार टाकू नका.

निलंबनाच्या नियमाबाबत अधिक सावध राहावे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने नेमलेल्या गटाने अशा ‘अजिबात गय नाही’ धोरणांचा घेतलेला आढावा 2008 मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात या धोरणांमुळे शाळा अधिक सुरक्षित होतात याला आधार मिळाला नाही. माझा अनुभव असा की शिक्षा जितकी मोठी, तितके मुले आणि शिक्षक दोघेही सांगायला कचरतात. ‘त्याचे वर्ष वाया जाईल’ या भीतीने टपल्यांची नोंदच होत नाही. लहान, ठरलेली आणि प्रत्येक वेळी होणारी कारवाई मोठ्या पण क्वचित होणाऱ्या शिक्षेपेक्षा बरी.

दयाळूपणा शिकवता येतो का? येतो, पण तो करायला लावून. व्हँकुव्हरमधल्या काही शाळांत नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांवर झालेला एक प्रयोग 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला चार आठवडे, आठवड्यातून तीन चांगल्या कृती करायला सांगितले. दुसऱ्या गटाला आठवड्यातून तीन ठिकाणी जाऊन यायला सांगितले. दोन्ही गटांतली मुले आधीपेक्षा आनंदी झाली, पण चांगल्या कृती करणाऱ्यांना वर्गातल्या अधिक मुलांनी ‘याच्याबरोबर काम करायला आवडेल’ म्हणून निवडले. भाषण एकही झाले नव्हते.

त्याहून मोलाचे म्हणजे बसण्याची आणि काम वाटण्याची रीत. 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात वेगवेगळ्या वंशांची मुले नव्याने एका वर्गात आली आणि रोज मारामाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा एलियट अॅरॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी पाठाचे तुकडे केले आणि लहान गटातल्या प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा दिला. बाकीचा धडा हवा असेल तर दुसऱ्याचे ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. जो अडखळत सांगतो त्याची टर उडवली तर आपलेच गुण जातात, हे मुलांना लवकर उमगते आणि मग ती त्याला नीट प्रश्न विचारून बोलते करू लागतात. हे करायला खर्च येत नाही. येतो तो शिक्षकांचा वेळ, आणि तो देण्याचा अधिकार आपल्याकडे आहे.

आणखी एक, जरा अवघड विनंती. सप्ताहाच्या आधी शिक्षकांच्या बैठकीत एकच विषय घ्या : वर्गात आपण कोणत्या विद्यार्थ्यांना टोपणनावाने हाक मारतो? छळाची कित्येक नावे मी मुळाशी जाऊन शोधली, तेव्हा त्यांतली काही पहिल्यांदा शिक्षकांच्याच तोंडून, विनोदाने निघालेली होती.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या वर्गात एका मुलाचे दप्तर रोज लपवतात. तो शोधत फिरतो आणि सगळे हसतात. मी पण हसतो. मला ते आवडत नाही, पण नाही हसलो तर पुढचा नंबर माझा लागेल. सरांना सांगितले तर सगळे मला चुगलखोर म्हणतील. मी वाईट आहे का?

उत्तर : नाही. वाईट असतास तर हे पत्र लिहिले नसतेस. तुझी भीतीही खोटी नाही, त्यामुळे ‘घाबरू नकोस, पुढे हो’ असे मी तुला सांगणार नाही.

तुझ्या वर्गात काय चालले आहे ते आधी नीट पाहू. क्रिस्टिना साल्मिव्हाल्ली या फिनलंडमधल्या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवून दिले की अशा प्रसंगात वर्गातल्या जवळपास प्रत्येकाची काही ना काही भूमिका असते. एक जण पुढाकार घेतो, एक-दोघे त्याचे हस्तक असतात, काही हसून त्याला चढवतात, काही बाजूला राहून पाहतात आणि थोडे जण सोसणाऱ्याची बाजू घेतात. दप्तर लपवणारा त्या दप्तराचे काय करणार? त्याला ते नकोच असते. त्याला तुम्हा सगळ्यांचे हसणे हवे असते, आणि ते तुम्ही त्याला रोज फुकट देता. टोरांटोच्या ज्या चित्रणाचा मी वर उल्लेख केला, त्यात शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी प्रसंगांत इतर मुले भोवती होती. मध्ये कोणी पडले ते फक्त एकोणीस प्रसंगांत. पण जेव्हा कोणी पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा त्रास दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद म्हणजे दप्तराचा पट्टा खांद्यावर अडकवायला लागतो तेवढा वेळ.

मध्ये पडणे म्हणजे भांडणे असे नाही. सर्वांत सोपे काम म्हणजे हसू नकोस. वहीत डोके घाल, पाणी प्यायला जा. तुझ्यासारखेच आणखी तीन-चार जण मनातून वैतागलेले असणार. त्यांतला एक तुझा मित्र असेल तर त्याला शाळा सुटल्यावर हळूच विचार, ‘तुला ते आवडते का रे?’ एकटा हसायचा थांबला तर लक्षात येते, चौघे थांबले तर कोणावर बोट दाखवता येत नाही. जमेल त्या दिवशी, कोणाला काही न बोलता, त्या मुलाला ‘चल, आपल्याला वाचनालयात जायचे आहे’ म्हणून तिथून घेऊन जा. लपवणाऱ्याला उपदेश करू नकोस. त्याला तो हवाच असतो, कारण त्यावरही हसता येते.

राहिली चुगलीची गोष्ट. एखाद्याला ओरडा बसावा म्हणून सांगणे ही चुगली. एखाद्याचा त्रास थांबावा म्हणून सांगणे ही मदत मागणे आहे, आणि मोठी माणसेसुद्धा ती मागतात. सर्वांसमोर सांगायची गरज नाही. ज्या शिक्षकांवर तुझा विश्वास आहे त्यांच्या टेबलावर वही तपासायला ठेवताना तिच्यात एक चिठ्ठी ठेव : ‘मधल्या सुट्टीनंतर अमुकचे दप्तर लपवतात. कृपया माझे नाव सांगू नका.’ आठवड्यात काही हालचाल दिसली नाही तर दुसऱ्या शिक्षकांना सांग, आणि आजच रात्री हे पत्र घरी आईला किंवा बाबांना दाखव.

त्या मुलाशी तू अजून एकदाही बोललेला नाहीस, असे पत्रावरून वाटते. उद्या दप्तर सापडल्यावर तो ते उघडून आत सगळे आहे का ते पाहत असेल, तेव्हा त्याच्या बाकाजवळ जा आणि गणिताचे उत्तर काय आले ते विचार.